श्रावणातल्या गुरुवारची मोजणी

ते शून्य माझं आहे. आधीच सांगून टाकते, म्हणजे नंतर कोणी मला शहाणपणा शिकवायला नको. माझ्या हातचं, माझ्या पेनाचं, खाली माझी सही. रिया काशिराम कोळी, बी.कॉम., राहणार खाडीपलीकडे. आणि ते शून्य मी कोणासाठी लिहिलं? तर माझ्या सख्ख्या आईसाठी.

झालं असं. मागच्या ऑगस्टमध्ये पनवेल स्टेशनपासून बाजारावरून कळंबोलीकडे जाणाऱ्या रस्त्याचा सर्व्हे निघाला. रस्त्याचं सगळं नव्याने होणार होतं. बससाठी वेगळी मार्गिका, सायकलींना पट्टा, शेअर रिक्षांना एकच स्टँड, चालणाऱ्यांना रुंद फुटपाथ. ट्रेन, बस, रिक्षा आणि पायी, सगळं एकमेकांना जोडायचं. एका सल्लागार कंपनीकडे ते काम होतं आणि त्यांना मोजणीसाठी पोरंपोरी हव्या होत्या. मी अर्ज टाकला, घेतलं त्यांनी. गळ्यात ओळखपत्र, डोक्यावर पिवळी टोपी. आईने शेजारपाजारच्या दहा घरांत सांगितलं, माजी रिया आता रस्त्याची सायबीन झाली. मीही जरा फुगलेच होते, खोटं कशाला बोलू?

आमचे साहेब सत्यजीत. पुण्याचे, पस्तिशीचे, बोलायला मऊ. वाईट माणूस अजिबात नाही, आणि तेच डोक्यात जातं. वाईट असता तर चार शिव्या घालून मोकळी झाले असते. त्यांनी आम्हाला दोन दिवस शिकवलं. दर पंधरा मिनिटांची एक ओळ. रकाने ठरलेले: बस, रिक्षा, दुचाकी, ट्रक, कंटेनर, सायकल, पादचारी, आणि शेवटचा, ‘ओझं घेऊन चालणारे पादचारी’. जो समोरून जाईल त्याची रेघ मारायची. चार उभ्या, पाचवी आडवी. स्वतःचं डोकं चालवायचं नाही.

“आणि शेरा?” मी विचारलं होतं. कारण कागदाच्या कडेला शेऱ्याचा रकाना होता.

“अपघात, जोराचा पाऊस, रस्ता बंद. एवढंच लिहायचं. बाकी शीट स्वच्छ ठेवा.”

माझी जागा बाजारासमोरची. तिथे दुभाजकाला एक फट आहे. पलीकडच्या बाजूला आमच्या खाडीकडून येणाऱ्या मिनीडोर रिक्षा थांबतात. बायका उतरतात, डोक्यावर मासळीच्या पाट्या चढवतात, त्या फटीतून रस्ता ओलांडतात आणि बाजारात बसतात. माझी आई, कृष्णाबाई, अठ्ठावीस वर्षं तिथूनच ओलांडते. आजी पण तिथूनच ओलांडायची, तेव्हा दुभाजक नव्हता. न्हावा शेवा बंदराचे कंटेनर सुरू झाले, रस्ता रुंद झाला, मधे सिमेंट उभं राहिलं, पण ती फट तेवढी राहिली. पाटी बर्फासकट तीस किलोची असते. ती डोक्यावर घेतली की माणूस सरळ रेषेत चालतो, दुसरं काही करता येत नाही.

आणि मोजणीचा दिवस कोणता निवडला? गुरुवार. श्रावणातला. नारळीपुनव दोन दिवसांवर.

आता पनवेलमधल्या कोणत्याही बाईला विचारा. त्या दिवशी आमच्या धंद्याला एक नाही, तीन कुलपं असतात. बोटी किनाऱ्याला बांधलेल्या, समुद्र बंद. श्रावण, म्हणून अर्ध्याहून जास्त घरांत मासळी नाही. वर गुरुवार, म्हणून उरलेल्या घरांतही नाही. खाडीची चार निवटी आणि दोन चिंबोऱ्या घेऊन कोण येईल बाजारात? आई घरी होती. पाय पसरून नारळ सोलत बसली होती. निघताना मला म्हणाली, “आज मना पन सुट्टी, तू जा कामावं.” आणि दोघी हसलो होतो.

सकाळी सहा ते दहा मी त्या फटीसमोर एका दगडावर बसले. सोळा ओळी. शेवटच्या रकान्यात सोळा शून्यं. मला माहीत होतं की फट रिकामी का आहे. मला! पण कागदावर ‘का’ असा रकाना नव्हता, आणि मी स्वच्छ शीट देणारी हुशार मुलगी होते. साडेनऊला सत्यजीतसाहेब फेरीला आले. टपरीवाल्याने त्यांना ऑम्लेट-पाव विचारला. ते म्हणाले, “नको, श्रावण आहे ना.” चहा घेतला, माझी शीट बघितली, “व्हेरी क्लीन” म्हणाले आणि पुढे गेले. एवढा श्रावण पाळणारा माणूस! स्वतःच्या पोटात मासळी नाही हे कळलं, पण रस्त्यावर ती का नाही, हे त्याच्या डोक्यात आलं नाही, आणि माझ्या डोक्यात असून ओठावर आलं नाही.

मग दिवाळी गेली, नवं वर्ष लागलं. जानेवारीत एका सोमवारी कळलं की आराखडा महापालिकेच्या हॉलमध्ये लावलाय, लोकांनी बघावा, हरकती द्याव्यात. मी मोठ्या कौतुकाने बघायला गेले. माझ्या मोजणीतून झालेला रस्ता! भिंतभर रंगीत नकाशा, झाडं काढलेली, सायकलवरची गोरीपान माणसं काढलेली. मी बोटाने रस्ता चालत चालत बाजारापर्यंत आले. तिथे दुभाजकाच्या फटीवर लाल फुली.

बाजूला तक्ता होता. ‘ओझे वाहणारे पादचारी: शून्य. वापर: नगण्य. शिफारस: फट बंद करून सलग रेलिंग, पादचाऱ्यांसाठी साडेतीनशे मीटरवर स्टेशनला जोडलेला पूल.’ पुलाला चौसष्ट पायऱ्या. लिफ्ट दुसऱ्या टप्प्यात.

तिथेच खुर्चीवर बसले. आपल्याच हाताने आपल्याच आईचा रस्ता बंद केला, काय म्हणायचं याला? हॉलमधल्या शिपायाने पाणी आणून दिलं. त्याला वाटलं, मला चक्कर आलीय.

घरी आईला सांगितलं. ती चिंबोऱ्यांच्या नांग्या बांधत होती. हात थांबले.

“तू मना शून्य लिवलंस?”

“आई, त्या दिवशी तू नव्हतीसच.”

“नव्हती म्हंजे? मी काय मेली होती काय? एक दिस घरात ऱ्हायली तर मी हायच नाय?” आणि मग ती जी सुटली! सायबाला, कंपनीला, माझ्या बी.कॉम.ला, सगळ्यांना धुऊन काढलं. खरं होतं ना सगळं.

बोलून बोलून दमल्यावर ती हळू आवाजात म्हणाली, “रिया, चौसष्ट पायऱ्या मना नाय जमायच्या गं. गुडघं ऱ्हायलं नायत. पूल झाला तर मी घरात बसली.” आईला मी कधी कशाला घाबरलेली बघितली नव्हती. त्या दिवशी बघितली, आणि माझ्या डोक्यात जी तिडीक गेली ती अजून उतरलेली नाही.

सत्यजीतसाहेबांना फोन लावला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, “रिया, मी समजू शकतो. पण डेटा आता फ्रीझ झालाय. तू रीतसर हरकत दे. आणि हे पर्सनली घेऊ नकोस.”

“सर, माझी आई आहे ती. पर्सनली नको तर कसं घेऊ?”

“आपण नियमाप्रमाणेच गेलो ना? मंगळवार, बुधवार, गुरुवार हे सर्वसाधारण दिवस धरतात. सगळीकडे.”

फोन ठेवला आणि माझ्या डोक्यात ट्यूब पेटली. मंगळ, बुध, गुरू. बुधवार! त्यांच्याच नियमातला बुधवार. बॅगेच्या कप्प्यात कोऱ्या शीटा उरलेल्या होत्या, पिवळी टोपी पण होती.

बुधवारी पहाटे आईबरोबरच मिनीडोरने निघाले. सहाच्या ठोक्याला त्याच जागी, त्याच दगडावर बसले. काय सांगू, रेघा मारता मारता हात भरून आला! मिनीडोरमागून मिनीडोर. बोंबील, मांदेली, कोळंबी, कोणाकडे मोठा जिताडा. बायका एकमेकींच्या डोक्यावर पाट्या चढवत होत्या, हात वर करून कंटेनरला थांबवत होत्या, ओलांडत होत्या. आणि गिऱ्हाइकं वेगळी. पलीकडच्या सोसायट्यांमधून पिशव्या घेऊन येणारी, स्टेशनवर उतरून येणारी.

साडेसातला माझ्या लक्षात आलं की काहीतरी गडबड आहे. बाजारात आईच्या शेजारी बसणारी जगनची आई तिसऱ्यांदा ओलांडत होती. पाटी रिकामी, पण चाल अशी की जणू पाच मण वजन आहे. तिच्या मागे माझी मातोश्री. माझ्या समोरून जाताना आईने डोळा मारला.

मी शीट खाली ठेवून धावत गेले. “आई, हे काय चाललंय?”

“तुजी शीट भरतंय. त्यांनी शून्य लिवलं, तू पाचशे लिव.”

“मी नाही लिहिणार. एकदाच मोजणार. परत आलात तर रेघ नाही.”

“अगं पन आपल्यासाठीच ना!”

“आपल्यासाठीच म्हणते. एक रेघ खोटी निघाली ना, तर बाकीच्या सगळ्या त्यांनी फेकून द्यायच्या. मग बसा चौसष्ट पायऱ्या मोजत!”

भर रस्त्यात मी आईवर ओरडले. जगनची आई म्हणाली, “कृष्णे, तुजी पोरगी लय तापट.” आई म्हणाली, “माजीच हाय ती.” रुसली, पण पाटी घेऊन जाग्यावर जाऊन बसली. ज्या ज्या बायकांनी फेरे मारले होते त्यांच्या जादा रेघा मी एकेक करून खोडल्या. शेऱ्यात लिहिलं, ‘काही महिलांनी उगाच फेऱ्या मारल्या, त्या वजा केल्या.’ माझ्या आयुष्यात शेरा लिहिण्याची ती पहिली वेळ.

दहा वाजता बेरीज केली. ओझं घेऊन ओलांडणाऱ्या बायका एकशे सतरा. पिशव्या घेतलेली माणसं सहाशेच्या वर. खाली तारीख, वार, वेळ, सही. शुक्रवारी हरकतीला जोडून दिली.

सुनावणी सोमवारी होती. सोमवार म्हणजे धंदा थंड, त्यामुळे बायका मोकळ्या. तीसेक जणी आल्या, चांगली लुगडी-साड्या नेसून, नाकात नथी. पुढे टेबलाशी अधिकारी मॅडम, बाजूला सत्यजीतसाहेब लॅपटॉप घेऊन. आधी त्यांनी पडद्यावर सगळा रस्ता दाखवला. चांगला होता हो रस्ता. मला बसची मार्गिका आवडली, फुटपाथ आवडले. माझं भांडण रस्त्याशी नव्हतंच.

मग दीनानाथकाका उठले, पलीकडच्या सोसायटीचे सेक्रेटरी. “ती फट म्हणजे मृत्यूचा सापळा आहे. कंटेनर येतात, लोक मधेच घुसतात. आम्हा रहिवाशांची मागणी आहे, रेलिंग लावाच. तिथून कोणी जबाबदार माणूस ओलांडत नाही.”

मागून आईचा आवाज आला. “काका, बुधवारचा जिताडा कसा लागला?”

हॉलमध्ये खसखस पिकली. काकांनी चष्मा पुसला. “तो... तो विषय वेगळा आहे.”

“इषय तोच हाय. तुमी पलीकडनं आलात कसं? उडून?”

मॅडमनी टेबलावर पेन वाजवून सगळ्यांना गप्प केलं आणि माझं नाव पुकारलं. मी पुढे गेले. 

सत्यजीतसाहेबांनीच आधी बोलायला घेतलं, मऊ आवाजात. “मॅडम, हरकतदार आमच्याकडे काम करत होत्या. त्यांच्या भावना मी समजतो. पण ही बुधवारची मोजणी अधिकृत नाही. खासगीरीत्या केलेली आहे. ती धरता येणार नाही.”

“का नाही?” मी विचारलं. “फॉर्म तुमचा. जागा तुम्ही दिलेली. वेळ सहा ते दहा. वार तुमच्या नियमातला. आणि मोजणारी मीच. ऑगस्टमध्ये माझी सही चालली. तिच्यावर तुम्ही रेलिंग उभं करताय. मग जानेवारीत तीच सही का चालत नाही? खोटी असेन तर दोन्ही शीटा फाडा. खरी असेन तर दोन्ही धरा. पाहिजे ती ठेवायची आणि नको ती टाकायची, असं नाही चालणार.”

मागून कोणीतरी टाळी वाजवली. मॅडमनी दोन्ही शीटा शेजारी ठेवल्या. एकेक ओळ बोटाने ताडून बघितली.

“शून्य आणि एकशे सतरा,” त्या म्हणाल्या. “एवढा फरक कसा? मिस्टर सत्यजीत, तुमच्या मोजणीचा दिवस कोणता होता?”

त्यांनी लॅपटॉपवर शोधलं. “ऑगस्ट, सात तारीख. गुरुवार.”

“सात ऑगस्ट,” मॅडम पुटपुटल्या, आणि त्यांच्या भुवया वर गेल्या. “अहो, म्हणजे श्रावण.”

बस्स. एका शब्दाने अख्खा हॉल फुटला. तीस बायका खदखदून हसत होत्या. दीनानाथकाकासुद्धा हसले. त्या हॉलमध्ये एक माणूस नव्हता ज्याला ते समजावून सांगावं लागलं. सत्यजीतसाहेबांचा चेहरा लालबुंद झाला. मला त्यांची कीव आली, खरंच आली. पण आईचे गुडघे आठवले आणि कीव गिळून टाकली.

मॅडमनी हसू आवरलं. “ठीक आहे. पण आराखडा पुढे गेलाय. शीट रद्द करायची तर कागदावर कारण लागेल. तुम्ही लेखी द्या, रिया, की ऑगस्टची तुमची मोजणी चुकीची होती. मग मला फेरमोजणीचा आदेश काढता येईल.”

सत्यजीतसाहेबांनी सुटकेचा श्वास सोडला. कोरा कागद माझ्यापुढे सरकवला, पेनही दिलं. सोपं होतं. दोन ओळी लिहायच्या, आईची फट वाचली. मागे बायका कुजबुजल्या, “लिव गं, लिव.” आईसुद्धा म्हणाली, “लिवून टाक, रिया.”

मी पेन हातात घेतलं. आणि खाली ठेवलं.

“नाही लिहिणार.”

“अहो, का?” मॅडम म्हणाल्या.

“कारण माझी मोजणी बरोबर होती. त्या दिवशी तिथून एकही पाटी गेली नाही, मी तेच लिहिलं. शेरा लिहायला हवा होता, तो मी लिहिला नाही, तेवढी माझी चूक, ती देते लिहून. पण मोजणी चुकली असं मी म्हणणार नाही. उद्या तुम्ही म्हणाल, जी पोरगी ऑगस्टमध्ये चुकली तिची जानेवारीची शीट तरी कशी धरायची? चुकला तो दिवस. दिवस ज्याने निवडला त्याने लिहून द्यावं.” मी तो कोरा कागद उचलला आणि सत्यजीतसाहेबांपुढे ठेवला. पेन वर ठेवलं.

आईने मागे कोणाचा तरी हात धरलेला मी बघितला. त्या क्षणी मला वाटलं, मी सगळं घालवलं. तोंडाशी आलेलं माझ्या हट्टापायी घालवलं, आता आई मला जन्मभर माफ करणार नाही.

सत्यजीतसाहेब मॅडमकडे बघत होते. मॅडम त्यांच्याकडे. कोणी त्यांची बाजू घेतली नाही. शेवटी त्यांनी पेन उचललं. त्यांचं अक्षर सुंदर आहे, मला उलट्या बाजूनेही वाचता आलं. ‘सर्वेक्षणासाठी निवडलेला दिवस बाजाराच्या नेहमीच्या व्यवहाराचा नव्हता. ही निवड माझी होती.’ खाली सही केली.

मॅडमनी तिथेच आदेश दिला. फेरमोजणी होईपर्यंत फटीला हात लावायचा नाही. तिथे पाटीवाल्या बायकांसाठी सिग्नल बसवता येतो का, तेही बघायचं. मोजणी दुसऱ्या माणसाने करायची, कारण मी आता संबंधित पक्ष. मी म्हटलं, करू द्या कोणालाही. बायकांनी असा कल्ला केला की शिपाई दार उघडून बघायला आला.

बाहेर पायऱ्यांवर सत्यजीतसाहेब मला भेटले. बॅग खांद्यावर, चेहरा उतरलेला.

“रिया, उरणच्या रस्त्याचं काम येतंय पुढच्या महिन्यात. तुझं नाव मी दिलं होतं.” त्यांनी बॅगेचा पट्टा नीट केला. “आता नाही देता येणार. कंपनीला समजेल ना आजचं.”

ते काम मला हवं होतं, फार हवं होतं. पण रडायची सोय नव्हती, आई बाजूला उभी होती.

“नका देऊ,” मी म्हटलं. “पण दिवस निवडायच्या आधी कोणाला तरी विचारा. माझ्या आईचा नंबर देते, लिहून घ्या.”

आणि त्यांनी खरंच मोबाइल काढला. मी नंबर सांगितला, त्यांनी लिहिला, नाव टाकलं, कृष्णाबाई.

आईने पदर खोचला, दोन पायऱ्या खाली उतरून त्यांच्या समोर उभी राहिली आणि बोट नाचवत म्हणाली, “फोन कर हां सायबा. पन बुधवारी नको, शुक्रवारी नको, आनि रविवारी तर बिलकूल नको. त्या दिशी आमी रस्त्यावं असतो.”